रडारला वाट करून देणारे बिनतारी जाळे

कॅरिबियन समुद्रातील प्युर्तो रिको या अमेरिकी बेटावर, सॅन जुआन विमानतळासाठी उभारलेल्या हवामान रडारच्या पडद्यावर 2009 साली एक चमत्कारिक प्रकार दिसू लागला. काही ठरावीक दिशांना, केंद्रापासून थेट कडेपर्यंत, पाचरीसारखे पट्टे उमटू लागले. ते पावसाचे नव्हते. शोध घेतला असता त्यांचे मूळ उंच इमारतींवर आणि मनोऱ्यांवर बसविलेल्या, घराघरांत इंटरनेट पोहोचविणाऱ्या बिनतारी उपकरणांत सापडले.

हे रडार साधे नव्हे. 2 ऑगस्ट 1985 रोजी अमेरिकेतील डॅलस-फोर्टवर्थ विमानतळावर उतरताना डेल्टा कंपनीचे 191 क्रमांकाचे विमान कोसळले आणि 137 जणांचा बळी गेला. वादळी ढगातून वेगाने खाली आदळणारा आणि जमिनीवर चहूकडे पसरणारा हवेचा लोट त्याला कारणीभूत ठरला. अशा लोटात शिरणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा मिळतो, क्षणार्धात तोच पाठीमागून येऊ लागतो आणि जमीन अगदी जवळ असताना विमानाला उचलून धरणारे बळच घटते. हा धोका वैमानिकाला आधी कळावा म्हणून अमेरिकेने पुढे मोठ्या विमानतळांजवळ खास डॉप्लर रडार बसविली. ती 5600 ते 5650 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात. सुमारे अडीच लाख वॅट क्षमतेचे स्पंद सोडायचे आणि पावसाच्या थेंबांवरून परतणारा अतिक्षीण प्रतिध्वनी टिपायचा, हे त्यांचे काम. एवढ्या तीक्ष्ण कानाजवळ कोणी कुजबुजले तरी गोंगाट होतो.

मग याच पट्ट्यात इंटरनेटच्या उपकरणांना शिरकाव मिळाला कसा? 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात दाटी झाल्याने जागा हवी होती. 2003 साली जिनिव्हात भरलेल्या जागतिक रेडिओसंचार परिषदेने 5150 ते 5350 आणि 5470 ते 5725 मेगाहर्ट्झ हे पट्टे बिनतारी जाळ्यांना खुले केले. मात्र 5250 च्या वरच्या भागासाठी एक अट घातली. तेथे रडार आधीपासून नांदत होती, म्हणून नव्या पाहुण्याने रडारची चाहूल लागताच स्वतःहून बाजूला व्हावे.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. कमी गर्दीचे चॅनेल आपोआप निवडणे ही केवळ सोय आहे; शेजारच्या जाळ्याशी टक्कर टळली की तिचे काम झाले. रडार टाळणे हा कायदा आहे. अमेरिकी नियमांनुसार अशा चॅनेलवर बोलण्यापूर्वी उपकरणाने 60 सेकंद नुसते ऐकायचे. पुढे काम चालू असतानाही कान उघडे ठेवायचे. रडारचे स्पंद ओळखू आले, तर 10 सेकंदांत चॅनेल सोडायचे आणि 30 मिनिटे तिकडे फिरकायचे नाही. युरोपात हवामान रडारच्या पट्ट्यासाठी सुरुवातीचे ऐकणे तब्बल 10 मिनिटांचे आहे. कारण रडारचा झोत निरनिराळ्या कोनांतून फिरत असतो आणि तो उपकरणाच्या दिशेने येईपर्यंत वेळ जातो.

यामागील तर्क सुबक आहे. रडारकडून उपकरणाकडे येणारी वाट आणि उपकरणाकडून रडारकडे जाणारी वाट एकच असते. रडार मोठ्याने ऐकू येत असेल तर आपला आवाजही तेथे पोहोचत असणार.

घरातल्या राउटरला हे फारसे जड जात नाही, कारण भिंती मधे असतात. मनोऱ्यावरच्या उपकरणाची गोष्ट वेगळी. त्याला दूरवरचे रडार दिसते, तसेच आसपासची सगळी जाळीही ऐकू येतात. रडारचा स्पंद जेमतेम काही मायक्रोसेकंदांचा. त्यामुळे दुसऱ्या जाळ्याच्या संदेशाचा तुटका तुकडाही कधी रडारसारखा भासतो. अशी खोटी चाहूल लागली की चॅनेल बदलते, नव्या चॅनेलवर पुन्हा मिनिटभर मौन आणि तोवर त्या मनोऱ्यावर विसंबलेल्या साऱ्या ग्राहकांचे इंटरनेट बंद! ग्राहकांचे फोन खणखणू लागले की तंत्रज्ञाला ही दक्षता म्हणजे कटकट वाटू लागते. मोह होतो तो येथेच.

प्युर्तो रिकोत नेमके हेच आढळले. काही उपकरणांत रडार ओळखण्याची सोय बंद करून ठेवलेली होती. काहींत देशाची निवडच अशी केली होती की अमेरिकेचे नियम लागू होऊ नयेत. काही उपकरणे तर या पट्ट्यासाठी प्रमाणित नव्हतीच. सगळा दोष वापरणाऱ्यांच्याच माथी मारणेही बरोबर नाही. जी कळ कोणालाही सहज फिरवता येते, ती कोणीतरी फिरवणारच. दंड होत राहिले, तरी प्रश्न मिटला नाही. 2020 साली त्याच बेटावरील तीन कंपन्यांवर प्रत्येकी 25 हजार डॉलरचा दंड प्रस्तावित करण्यात आला. त्याआधी, 2014 साली, अमेरिकी दूरसंचार आयोगाने उत्पादकांवरच जबाबदारी टाकली होती: सॉफ्टवेअर असे बंदिस्त करा की वापरणाऱ्याला हे नियम ओलांडता येऊ नयेत.

भारताने 2018 साली 5 गिगाहर्ट्झमधील 605 मेगाहर्ट्झ रुंदीचे पट्टे परवानामुक्त केले. 5600 ते 5650 हा भागही त्यात येतो. मुंबईत कुलाब्याचे जुने डॉप्लर रडार एस-बँडचे, म्हणजे या पट्ट्यापासून दूर. परंतु 2022 च्या जानेवारीत वेरावली येथे सुरू झालेले रडार सी-बँडचे आहे आणि वाय-फायचा 5 गिगाहर्ट्झचा पट्टा याच सी-बँडमध्ये मोडतो.

शहरी घरांतील राउटरमध्येही याची खूण सापडते. 52 ते 64 आणि 100 ते 144 यांतली चॅनेले निवडली की जाळे दिसू लागायला मिनिटभर लागू शकते. एरवी सुरळीत चाललेले 5 गिगाहर्ट्झचे जाळे एकाएकी दुसऱ्याच चॅनेलवर गेलेले दिसले, तर राउटरने रडार ऐकले असावे, किंवा ऐकल्यासारखे वाटले असावे. राउटरच्या मांडणीत देश म्हणून भारत निवडलेला आहे ना, एवढे मात्र पाहून घ्यावे. कारण कोणत्या चॅनेलवर रडारसाठी कान द्यायचा, हे राउटर त्या एका नोंदीवरून ठरवतो.