नरक्याच्या लाकडातील औषध

सह्याद्रीच्या माथ्यावरील सदाहरित रानांत, महाबळेश्वर-आंबोलीच्या बाजूस, नरक्या नावाचे एक लहानखोर झाड आढळते. त्याच्या फुलांना व ताज्या कापलेल्या लाकडाला येणाऱ्या दुर्गंधीची कल्पना नावावरूनच यावी. गेल्या शतकाच्या अखेरीस या झाडाचे खोड व मुळे पोत्यांत भरून घाटाखाली जाऊ लागली. तोडणाऱ्याच्या हाती मजुरीपुरते पैसे पडत, आणि माल कोठे व कशासाठी जातो याचा त्याला पत्ता नसे. आजही अनेकांना तो नाही. म्हणून ही हकीकत मुळापासून सांगणे आवश्यक वाटते.

तिचा आरंभ आपल्याकडे नव्हे, अमेरिकेत झाला. आणि तोही कृषी खात्याच्या एका प्रयोगशाळेत. १९५० नंतरच्या दशकात डॉ. मन्रो वॉल हे तेथे निरनिराळ्या वनस्पतींत कॉर्टिसोन बनविण्यास उपयोगी पडेल असे द्रव्य शोधीत होते. त्यांनी जपून ठेवलेल्या अर्कांपैकी सुमारे १००० अर्क कर्करोगावरील चाचणीसाठी पाठविण्यात आले. त्यांत एका चिनी झाडाचा, कॅम्प्टोथेका अक्युमिनाटा याचा, अर्क विशेष प्रभावी ठरला. पुढे वॉल नॉर्थ कॅरोलायनातील संशोधन संस्थेत गेले. तेथे त्यांना जे सहकारी लाभले, ते डॉ. मनसुख वाणी. वाणी यांचा जन्म १९२५ साली आपल्या नंदुरबारचा आणि शिक्षण मुंबई विद्यापीठातले.

झाडाच्या अर्कात शेकडो द्रव्ये एकत्र असतात. त्यांतले गुणकारी कोणते? खळ्यावर उफणणी करताना दाणा कोणता व भूस कोणते हे आपल्याला ठाऊक असते. रसायनशास्त्रज्ञाला ते ठाऊक नसते. तो अर्काचे दोन भाग करतो व दोन्हींची परीक्षा घेतो. ज्या भागात गुण उतरला तो ठेवायचा, दुसरा बाजूला सारायचा, आणि राहिलेल्याचे पुन्हा भाग पाडायचे. वॉल व वाणी यांनी सुमारे २० किलो वाळलेले लाकूड व साल घेऊन प्रथम हेप्टेनने त्यातील स्निग्धांश काढून टाकला, मग अल्कोहोलमध्ये अर्क घेतला. त्याचे भाग पाडीत जाताना प्रत्येक भाग रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांवर तपासला गेला. शेवटी अर्क सिलिका जेलने भरलेल्या उभ्या नळीतून उतरविला. यात प्रत्येक द्रव्य आपापल्या वेगाने खाली येते, म्हणून ती वेगळी होतात. हाती आले ते फिकट पिवळे, सुईसारखे स्फटिक.

स्फटिक मिळाले म्हणजे द्रव्य वेगळे झाले. त्याची ओळख पटली असे नव्हे. ते किती अंशांवर वितळते, त्यात कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन व ऑक्सिजन किती, कोणता प्रकाश ते शोषून घेते, हे सारे पाहावे लागते. या द्रव्याच्या एका रेणूत कार्बनचे २०, हायड्रोजनचे १६, नायट्रोजनचे २ व ऑक्सिजनचे ४ अणू निघाले. त्यांची मांडणी क्ष-किरणांच्या साह्याने निश्चित झाली आणि १९६६ साली कॅम्प्टोथेसिन हे नवे द्रव्य जगापुढे आले.

आता आपल्या नरक्याकडे वळू. मुंबईच्या गोरेगाव येथील सीबा संशोधन केंद्रात डॉ. गोविंदाचारी व डॉ. विश्वनाथन यांनी त्याचे पृथक्करण केले, आणि १९७२ साली जाहीर केले की तेच कॅम्प्टोथेसिन या झाडातही आहे. सोबत त्याचेच एक भावंड, मेथॉक्सी जातीचे, त्यांना सापडले. प्रमाण साधारणतः एक हजारांश भागाच्या आसपास, झाडागणिक कमीअधिक, आणि मुळांत खोडापेक्षा जास्त. रानावर संकट आले ते यामुळेच. फांदी नेली तर झाड राहते. मूळ खणले तर राहत नाही.

येथे एक इशारा स्पष्टपणे देतो. नरक्याचा काढा कोणीही घेऊ नये. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचा सोडियम क्षार करून १९७० नंतर रोग्यांना देण्यात आला. त्याने मूत्राशयास इजा झाली व प्रयोग थांबवावे लागले. पेशी वाढताना डीएनएचा पीळ सैल करणारे एक एन्झाइम हे द्रव्य अडवून धरते, असे १९८५ साली समजले. मग रेणूत फेरफार करून टोपोटेकन व इरिनोटेकन ही औषधे तयार झाली. अमेरिकेत त्यांना १९९६ साली मान्यता मिळाली. तीही रुग्णालयात, रक्त तपासून, मोजून देतात. जे द्रव्य जंगलातून घरी आणून उकळण्याजोगे नाही, ते तसे सांगणाऱ्या वैदूला ग्रामकार्यकर्त्यांनी वेळीच अडवावे.

एखादी औषधी वनस्पती तपासणीसाठी पाठविण्याची वेळ ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांवर येते. यात माझ्या हातून झालेली चूक नमूद करतो. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात मी एका सालीची ओली पोती प्लास्टिकमध्ये बांधून पाठविली. ती बुरशी धरून पोचली. शिवाय सोबत फांदी नव्हती, आणि गावात त्याच नावाची दोन झाडे होती! साल कोणाची हे मलाही खात्रीने सांगता येईना. चांगले दोन आठवड्यांचे श्रम वाया गेले. तेव्हापासून पाने, फूल व शक्य तर फळ असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून, तिच्यावर गाव, तारीख व संकलकाचे नाव लिहून सोबत देतो. साल सावलीत वाळवून कापडी पिशवीतच भरतो.

वनातील झाड तोडण्यास अथवा खणण्यास वनखात्याची परवानगी हवीच. व्यापारी गावात आल्यास जैवविविधता कायदा, २००२ अन्वये ग्रामपंचायतीत असलेल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीस कळवावे, आणि आपल्या शिवारात नरक्या असल्यास लोक जैवविविधता नोंदवहीत त्याची नोंद करवून घ्यावी. फुले पावसाळ्यात येतात. फांदी दाबून ठेवण्यास तोच काळ सोयीचा, मात्र पिशवी घरात ठेवू नये.