पीण्याहून हेसरघट्टा : एक दिवसाची अभ्याससहल

पुण्याकडून महामार्गाने बंगळूरला येताना पीण्याचे कारखाने लागतात. तेथून तासाभरावर हेसरघट्टा : १८९४ चा तलाव, गवताळ माळ आणि भारतीय बागवानी संशोधन संस्था. सहलीत तलाव पाहून होतो, सापळा मात्र बहुधा राहून जातो. मिथिल युजेनॉलच्या गंधाला आंब्यावरील फळमाशीचे केवळ नर भुलतात. सालीखाली अंडी घालणारी मादी नव्हे. त्यामुळे एकट्याच्या बागेतील सापळे अपुरे पडतात, शेजारून फलित माद्या येतच राहतात. कोकण किनाऱ्यावरील हापूस बागांत ‘रक्षक’ सापळा लावतानाही हेच ध्यानी घ्यावे लागते. मार्गदर्शकाने सापळ्यातील मेलेल्या माश्या पांढऱ्या कागदावर पसरून दाखवाव्यात. फळे पक्व होण्यापूर्वी गावभर एकाच वेळी सापळे लावण्याचा दिवस परतीच्या बसमध्येच ठरावा.