पेट्रोल महागलं, गाडी कुणाची थांबली?

पेट्रोलचे भाव वाढले की टीव्हीवर चर्चा झडतात, मोर्चे निघतात, कुणी बैलगाडीवर स्कूटर चढवून फोटो काढून घेतं. घराघरांत जे घडतं ते मात्र कुठल्याच बातमीत येत नाही. महिन्याचा हिशेब जुळेना झाला की घरात पहिला प्रश्न निघतो, "तुझी गाडी रोज काढायची खरंच गरज आहे का?" 'त्यांच्या' मोटारसायकलबद्दल असा प्रश्न निघाल्याचं मी तरी आजवर ऐकलेलं नाही.

आम्ही परभणीकर तर महाग पेट्रोलच्या बाबतीत राज्यात नाव काढलेले! मुंबईत साध्या पेट्रोलने २९ मे २०२१ रोजी शंभरी गाठली, तेव्हा केवढा गाजावाजा झाला. आमच्याकडे ती त्याआधीच गाठून झाली होती. कारण साधं होतं. त्या वेळी आमचं पेट्रोल यायचं मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून, सुमारे तीनशे किलोमीटरवरून टँकरने. त्या टँकरचं भाडं शेवटी आपल्याच पर्समधून जाणार ना!

पूर्वी भाववाढ जाहीर झाली की आदल्या रात्री पंपावर ही रांग लागायची. घरोघरचे पुरुष टाक्या भरायला पळायचे. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहाला भाव बदलायची पद्धत सुरू झाली आणि ती धावपळ संपली. मग पाच-दहा पैशांनी वाढायचं, त्यामुळे कळायचंही नाही आणि टोचायचंही नाही. दुधात पाणी घालावं तसं. शिवाय पेट्रोलवर जीएसटी नाही. केंद्राचं उत्पादन शुल्क आणि वर राज्याचा व्हॅट, असा दुहेरी भार. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने शुल्क पाच रुपयांनी उतरवलं, मे २०२२ मध्ये आणखी आठ रुपयांनी. जुलै २०२२ मध्ये राज्याने पाच रुपये कमी केले, मार्च २०२४ मध्ये दर दोन रुपयांनी खाली आले. एवढं होऊनही आमच्याकडे भाव शंभरच्या वरच राहिला. थोडक्यात, वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

मला वाटतं, आपण लिटरचा विचार करतो तिथेच गोंधळ होतो. किलोमीटरचा करून पाहा. स्कूटर पंचेचाळीसचं मायलेज देत असेल आणि पेट्रोल एकशेपाच रुपये धरलं, तर एका किलोमीटरला दोन रुपये तेहेतीस पैसे पडतात. म्हणजे तीन किलोमीटरवरच्या मंडईत दहा रुपयांची कोथिंबीर आणायला गेलात, तर जाऊन-येऊन चौदा रुपयांचं पेट्रोल जळतं. कोथिंबीर पडली चोवीसला! हा आकडा एकदा डोक्यात बसला की 'जरा जाऊन येते' आपोआप कमी होतं.

आमच्या बचत गटात एक ताई आहेत. पापड, शेवया, कुरडया करतात आणि स्वतःच्या स्कूटरवरून घरोघर पोचवतात. सासू-सासरे, दोन मुलं, मिस्टरांची खासगी नोकरी. पेट्रोल शंभरच्या पुढे गेलं तसं घरात सुरू झालं, "गाडी विकून टाक, मी जाता-येता सोडत जाईन." या सोडण्याचा अर्थ आपल्याला पक्का ठाऊक आहे. त्यांना वेळ असेल तेव्हा आपण निघायचं, आणि ते येतील तेव्हाच परतायचं. ताई माझ्याकडे आल्या त्या अगदी रडकुंडीला येऊन. म्हणाल्या, "मॅडम, गाडी गेली तर धंदाही गेलाच समजा."

मी त्यांना एकच सुचवलं. महिनाभर गाडी कुठे कुठे गेली ते एका वहीत लिहायचं. पंपावर शून्य करायचं मीटर असतं ते नव्हे, गाडीचं किलोमीटरचं मीटर बघून. त्यांनी दुधाच्या हिशेबाच्या वहीतच मागच्या पानावर लिहायला घेतलं. महिनाअखेर बेरीज झाली चारशे ऐंशी किलोमीटर, म्हणजे जवळजवळ अकराशे रुपये. त्यातले ताईंच्या धंद्याचे किती? फक्त एकशे नव्वद! बाकीच्या दोनशे नव्वदमध्ये मुलांची शिकवणी, सासऱ्यांची औषधं, दळण, बँक, शाळेतल्या पालकसभा आणि नणंदेला स्टँडवरून आणणं. धंद्याला पेट्रोल लागलं साडेचारशेच्या आतलं, आणि त्यावर त्यांनी मिळवले होते साडेपाच हजार.

ती वही त्यांनी भांडण न करता जेवणानंतर मिस्टरांपुढे ठेवली. गाडी विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट सकाळची शिकवणी आता मिस्टरांच्या वाटणीला आली, कारण ती त्यांच्या ऑफिसच्याच रस्त्यावर आहे. हे इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, हा प्रश्न मी विचारला नाही. उत्तर तुम्हालाही माहीत आहे.

आता थोडं गाडीबद्दल. चाकात हवा कमी असली की पेट्रोल जास्त जातं, हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पण आठवड्याला हवा तपासणाऱ्या किती जणी? पंपावर हवा फुकट मिळते. किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा जास्त लागते, आणि मागे मुलं बसणार असतील तर आणखी थोडी. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवून बघा. अडकत फिरत असेल तर ब्रेक घासतोय, मेकॅनिककडून सैल करून घ्या. एअर फिल्टर धुळीने भरलेला असतो, आमच्या मराठवाड्यात तर उन्हाळ्यात फारच. रेल्वे फाटकापाशी गाडी बंद करायची. वेग चाळीस-पन्नासच्या दरम्यान ठेवायचा आणि डिक्कीत साठवलेलं वाण-सामान काढून टाकायचं. शिवाय २०२५ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सर्रास मिळू लागलं. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते, म्हणून मायलेज थोडं घटतं. तेव्हा आपल्याच गाडीत काहीतरी बिघडलंय म्हणून उगाच धास्तावू नका.

काही समजुती मात्र सोडून द्याव्यात. पहाटे भरलं की जास्त पेट्रोल मिळतं म्हणतात. टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. शंभरऐवजी एकशेदहाचं टाकलं की फसवणूक होत नाही, हीही तशीच समजूत. खरी काळजी घ्यायची ती मशीनवर शून्य दिसल्याशिवाय नळी लावू न देण्याची. एका पंपावर माझ्याशी बोलण्यात गुंतवून मुलाने नळी लावलीच होती, मी थांबवलं तर "मॅडम, सगळे असंच भरतात" म्हणाला. सगळे भरत असतील, मी नाही! माप कमी वाटलं तर पंपावरचं पाच लिटरचं माप मागायचा आपल्याला हक्क आहे. ते माप प्रत्येक पंपावर असायलाच लागतं. मागताना भीड वाटते खरी, दोघी मिळून गेलं की वाटत नाही.

लांबच्या कामाला मी हल्ली एसटीनेच जाते. १७ मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून जिंतूर-सेलूला स्कूटर न्यायचं कारण उरलं नाही. गटातल्या जणी बाजाराला आता दोघी दोघी जातात. एक आठवडा हिची गाडी, एक आठवडा तिची. यात फक्त गप्पांमुळे घरी उशीर होतो, ही तक्रार आहे, पण ती घरच्यांची.

विजेवरच्या स्कूटरबद्दल बऱ्याच जणी विचारतात. तीन युनिटच्या आसपास विजेत ऐंशी-नव्वद किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला चाळीस-पन्नास पैसे. ऐकायला सोन्यासारखं, पण गाडीची किंमत मोठी. पुढे बॅटरी बदलायची वेळ आली तर तोही खर्च मोठा, आणि दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारीने वायर सोडायची कुठून? रोज वीस-पंचवीस किलोमीटर फिरणारीला ती परवडेल, आठवड्याला दोनदा मंडईत जाणारीला नाही. आमच्या गटाकडे सध्या अशा गाडीसाठी दोन कर्जाचे अर्ज आले आहेत. दोघींनाही सांगितलंय, आधी महिनाभराची वही आणा, मग बैठकीत ठेवू.