कागदाएवढा रंग: मोटारीचा कारखान्यातला लेप किती टिकतो?

शिराळ्यात चारचाकी वाढल्या, तशी एक तक्रारही वाढली. ‘सर, पूर्वीच्या गाडीचा रंग दणकट होता, आताचा नुसता कागद.’ तत्त्वज्ञानाच्या मास्तरला रंगातलं काय कळतं, असं म्हणाल. पण शब्द तपासणं हे आमचं कामच आहे.

‘कागद’ हा शब्द अगदी बरोबर आहे बरं का! झेरॉक्सचा साधा कागद सुमारे 100 मायक्रॉन जाड असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नव्या मोटारीवरचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन भरतात. गल्लत होते ती ‘दणकट’ या शब्दात. ओरखडा न उठणं वेगळं, पत्रा न गंजणं वेगळं. जुन्या मोटारींची आठवण काढा. रंग जाड असायचा, पण काही पावसाळ्यांत दाराची खालची कड आतून कुजायची. बाहेरून फवारलेला रंग पोकळीत पोचतच नव्हता.

हे बदललं विजेच्या लेपाने. पिंपरी-चाकणला कामाला असलेल्या आपल्याकडच्या मुलांना विचारा, ती सांगतील. मोटारीचा उघडा सांगाडा रंगाच्या हौदात आख्खा बुडवतात आणि वीज सोडतात. रंगाचे कण पत्र्याकडे ओढले जातात. जिथे लेप बसला तिथे विजेला अडथळा होतो, मग ती उरलेल्या उघड्या जागा शोधते. असं करत लेप सांदीकोपऱ्यात पोचतो. सुमारे 20 मायक्रॉनचा हा थर नंतर 160 ते 180 अंशांवर भाजतात. गंजाशी लढाई मुख्यतः इथेच जिंकली जाते, आणि हा थर तुम्हाला कधी दिसत नाही.

त्यावर प्रायमर, मग रंगाचा थर, तो जेमतेम 15 मायक्रॉन. सगळ्यात वर 40-50 मायक्रॉनचा पारदर्शक थर, क्लिअर कोट. गंमत बघा, आपण ‘रंग टिकला’ म्हणतो तेव्हा ऊन-पाऊस झेललेला असतो तो ज्याला रंगच नाही असा थर! नैयायिक रंगाला द्रव्याचा गुण म्हणतात; इथे त्या गुणाची राखण दुसरंच द्रव्य करतंय.

क्लिअर कोटमध्ये उन्हातले अतिनील किरण शोषणारे पदार्थ असतात. ते हळूहळू खर्ची पडतात. म्हणून पापुद्रे सुटतात ते आधी टपावर आणि बॉनेटवर. गळीत हंगामात चिमणीची काजळी आणि जाळलेल्या पाचटाची राख गाडीवर बसते. सकाळी कोरड्या फडक्याने ती खसाखसा पुसणं म्हणजे काचपेपर फिरवणं. आधी पाणी मारा हो! पक्ष्यांची घाणही त्याच दिवशी भिजवून काढा. उन्हात ती वाळली की थरावर कायमचा डाग सोडते.

थर पातळ झाले त्यात कंपनीची बचत आहे, ते मी नाकारत नाही. काही ठिकाणी प्रायमरची वेगळी भट्टीच काढून टाकली. पण पाण्यावर आधारित रंग आले, विषारी वाफा घटल्या, त्याचा लाभ रंगखात्यातल्या कामगाराला आणि हवेलाही झाला. दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत.

आता खिशाचा प्रश्न. दोन-चार ओरखड्यांसाठी आख्खा दरवाजा रंगवून घेऊ नका. गॅरेजवाला कितीही कसबी असो, तयार गाडीत वायरी, रबर, प्लॅस्टिक असतं. तो 160 अंशांवर भाजणार कसा? तो दोन घटक मिसळून घट्ट होणारा रंग मारतो आणि साधारण 60 अंशांवर वाळवतो. चांगलं काम झालं तर तेही टिकतं, पण कारखान्यातला थर एकदा घासून काढला की परत येत नाही. ‘रबिंग’ करून चकाकी आणतात तेव्हाही क्लिअर कोटच झिजत असतो. खडी लागून पत्रा उघडा पडला असेल, तर मात्र तेवढ्याच टिपक्याला लगेच टचअप करा.

जुनी गाडी घेताना रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र मिळतं. एका पत्र्यावर 110 आणि शेजारच्यावर 250 दिसलं, तर तो बहुधा पुन्हा रंगवलाय. 500 च्या वर गेलं तर खाली पुट्टी असणार, भाव करताना विचारा. बंपरवर मात्र यंत्र लावू नका. ते प्लॅस्टिकचं, तिथे साधं यंत्र चालत नाही. ते वेगळं आणि कमी तापमानाला रंगवतात, म्हणून कोऱ्या गाडीतही त्याची छटा जरा निराळी दिसू शकते. तेवढ्यावरून गाडी ठोकलेली आहे, असं म्हणू नका.