चवळी, भेंडी आणि बिडाचा तवा

तवा आधी तापवायचा. नुसता गरम नाही, कडकडीत. बिडाचा, जाड बुडाचा, उभ्या काठाचा तवा आणि त्यात चमचाभर डुकराची चरबी. मक्याचं पीठ, अंडं, मीठ, चिमूटभर सोडा आणि ताक एकत्र कालवून ते त्या तव्यात ओतलं की चर्रर्र असा आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर खालचा पापुद्रा खरपूस होत नाही, आणि पापुद्रा खरपूस नसेल तर टेनेसी-अलाबामाकडची जुनी माणसं त्याला कॉर्नब्रेड म्हणायची नाहीत. मग तवा तसाच उचलून ओव्हनमध्ये ठेवायचा. साखर घालायची नाही, यावर तिथली कितीतरी घरं आजही ठाम आहेत.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतलं हे रोजचं खाणं. मी ते माझ्या स्वयंपाकघरात चरबीऐवजी लोणी घालून केलं. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी तिथल्या जुन्या रीतीप्रमाणे पेलाभर ताकात कुस्करला आणि चमच्यानं खाल्ला. ताक-भाकरीवर वाढलेल्या माणसाला त्या पेल्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

जिवाला बरं वाटावं म्हणून खायचं, अशी या पदार्थांची तिकडे ख्याती आहे. त्यांच्याविषयी वाचत गेले तशी एक गोष्ट मनात घर करून बसली. ज्या हातांनी हे रांधलं, त्यांच्या जिवाला बरं वाटतंय का, हे कित्येक पिढ्या कोणी विचारलं नव्हतं.

मका तिथल्या मूळ रहिवाशांचा. चेरोकी, चोक्टॉ, क्रीक या जमाती तो शतकानुशतकं पिकवत होत्या. दाणे राखेच्या पाण्यात शिजवायची युक्तीही त्यांचीच. राखेतल्या क्षारानं साल सुटतं आणि दाणा टपोरा फुगतो. त्याला हॉमिनी म्हणतात. हॉमिनी वाळवून भरडली की तिच्या कण्या होतात. त्याच ग्रिट्स, आजही सकाळी मऊ शिजवून, वर लोण्याचा गोळा सोडून खातात. आता बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ग्रिट्स मात्र साध्या मक्याच्याच असतात. १८३०च्या कायद्यानं या जमातींना त्यांच्या जमिनींवरून उठवून मिसिसिपी नदीपलीकडे हाकलण्यात आलं. त्यांचा मका मागे राहिला, पण राखेच्या पाण्याची रीत गिरणीच्या पिठाच्या काळात बहुतेक घरांतून गेली.

ती गेल्याची किंमत गरिबांनी मोजली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेत पेलाग्रा हा रोग पसरला. कातडी लाल होऊन सोलवटायची, जुलाब लागायचे, भ्रम व्हायचा आणि माणूस दगावायचा. कापूस थेट दारापर्यंत पेरलेला, त्यामुळे भाजीच्या वाफ्याला जागा नाही. वाट्यानं जमीन कसणाऱ्या कुळांचं जेवण म्हणजे मक्याचं पीठ, खारवलेली चरबी आणि काकवी. १९१४ साली सरकारनं डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना या कामावर नेमलं. रोग संसर्गाचा आहे, असं पुष्कळ डॉक्टर धरून चालले होते. तो तसा नाही हे दाखवायला गोल्डबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. कोणालाही रोग झाला नाही. दूध, अंडी, मांस पोटात गेलं की रोग हटतो, हे त्यांनी दाखवून दिलं. कमी पडतं ते नायसिन, हे १९३७मध्ये स्पष्ट झालं. मक्यात ते असतं, पण बांधलेलं असतं; राखेचं पाणी ते मोकळं करतं. आपल्या दख्खनच्या पठारावर ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरिबांतही हा रोग होता आणि हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी त्याचा अभ्यास केला. भाकरीबरोबर काहीच नसलं की काय होतं, हे दोन्हीकडच्या गरिबांनी अंगावर सोसलं आहे.

आता चवळीकडे येते, कारण माझ्या मते या साऱ्या स्वयंपाकाचा जीव तिच्यात आहे. चवळी मूळची आफ्रिकेची. आपल्याकडे ती तीनेक हजार वर्षांपूर्वी आली. अमेरिकेत पोचली ती गुलामांच्या जहाजांबरोबर. साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या दलदलीत भाताची प्रचंड खाचरं उभी राहिली, ती पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या श्रमावर. भात कसा लावायचा, पाणी कसं राखायचं, हे त्यांच्यापैकी कित्येकांना घरूनच ठाऊक होतं. कांडायला लाकडी उखळ-मुसळ आणि पाखडायला गवताचं विणलेलं पसरट सूप, हेही त्यांचंच. त्यांच्या वंशजांना गल्ला-गीची म्हणतात. गवताच्या टोपल्या विणण्याची ती कला चार्ल्सटनच्या बाजारात आजही दिसते.

भात आणि चवळी एकत्र आली की होतो हॉपिन जॉन. चवळी खारवलेल्या डुकराच्या तुकड्याबरोबर शिजवायची आणि तिच्याच पाण्यात तांदूळ वैरायचे. शीत न शीत मोकळं हवं. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी हा भात खायचा, चवळी म्हणजे नाणी. सोबत कॉलर्डची भाजी, ती हिरव्या नोटांच्या रंगाची. कॉलर्ड कोबीच्या कुळातली, रुंद आणि जाड पानांची. तासन् तास मंद आचेवर शिजवतात आणि खाली उरलेलं पाणी टाकत नाहीत. त्या पाण्याला पॉटलिकर म्हणतात. त्यात कॉर्नब्रेड बुडवायचा की कुस्करायचा, यावर १९३१ साली लुइझियानाचे गव्हर्नर ह्युई लाँग यांचा अटलांटाच्या एका संपादकाशी वर्तमानपत्रातून जाहीर वाद रंगला होता. पण मळ्यांच्या काळात शिजलेली पानं मालकाच्या टेबलावर जायची आणि पाणी गुलामांच्या झोपडीत यायचं. पानांचं बरंचसं सत्त्व त्या पाण्यात उतरलेलं असे.

भेंडीचं मूळ गाव कोणतं, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचं एकमत नाही. तिला अमेरिकेत मिळालेली नावं मात्र आफ्रिकेचीच आहेत. ‘ओक्रा’ हा शब्द इग्बो भाषेतून आला, तर ‘गम्बो’ हे बांटू भाषांतलं भेंडीचंच नाव. पुढे ते न्यू ऑर्लिन्सच्या दाट रश्श्याला चिकटलं. आपण भेंडीची तार मोडायला आमसूल नाहीतर ताक घालतो. तिकडे रश्श्याला दाटपणा यावा म्हणून ती तारच हवी असते. तिळाची वाट तर याहून लांबची. तीळ आपल्या उपखंडातला. इथून तो आफ्रिकेत गेला आणि तिथून पकडलेल्या माणसांबरोबर कॅरोलिनात उतरला. पश्चिम आफ्रिकेतून आलेलं ‘बेने’ हे त्याचं नाव तिथे टिकलं आणि चार्ल्सटनमध्ये त्याच्या पातळ, खुसखुशीत चकत्या अजून मिळतात. ज्वारीही आफ्रिकेचीच. दक्षिणेच्या डोंगराळ भागात गोड ज्वारीच्या ताटांचा रस आटवून काकवी करतात आणि पावासारख्या मऊ, गरम बिस्किटावर ओततात.

त्याच डोंगरांत, नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲशव्हिलमध्ये, मेहरवान इराणी यांनी २००९ साली ‘चाय पानी’ हे उपाहारगृह सुरू केलं. ते अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, वाढलेले. २०२२मध्ये या उपाहारगृहाला अमेरिकेतलं सर्वोत्कृष्ट उपाहारगृह म्हणून जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. भेंडीच्या काड्या कुरकुरीत तळून लिंबू पिळलेला पदार्थ ही तिथली खासियत. भेंडी तळणं दक्षिणेला नवं नव्हतं, म्हणून ती काडी परकी ठरली नसावी, असं मला वाटतं.

हे सगळं लिहून कोणी ठेवलं? आधी ठेवलं ते मालकिणींनी. हॉपिन जॉनची कृती १८४७ साली सॅरा रटलेज यांच्या ‘द कॅरोलिना हाउसवाइफ’मध्ये छापली गेली, पण ज्यांच्या हातचा तो भात होता त्यांची नावं त्यात नाहीत. कृष्णवर्णीय बाईचं आज माहीत असलेलं सर्वांत जुनं पाकपुस्तक मलिंडा रसेल यांचं, १८६६चं. त्यानंतर १८८१मध्ये ॲबी फिशर यांचं आलं. फिशरबाई साउथ कॅरोलिनात गुलाम म्हणून जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी आपल्या कृती तोंडी सांगितल्या आणि इतरांनी उतरवून घेतल्या.

एडना लुईस यांचं ‘द टेस्ट ऑफ कंट्री कुकिंग’ १९७६ साली आलं. व्हर्जिनियातल्या फ्रीटाउन या वस्तीत त्या १९१६ साली जन्मल्या. गुलामीतून सुटलेल्यांनी ती वस्ती वसवली होती आणि त्यांत लुईस यांचे आजोबाही होते. त्यांच्या घरी मापाचे चमचे नव्हते. बेकिंग पावडर नाण्यावर मावेल तेवढी घेत. केक झाला की नाही, हे त्या कान लावून ओळखत. आत बारीक बुडबुड चालू असेल तर अजून वेळ आहे. माझ्या आईला कुकरच्या आवाजावरून डाळीतलं पाणी कळायचं, म्हणून मला यात नवल वाटलं नाही. वाटली ती आपुलकी.

आणि तळलेली कोंबडी. अमेरिकन यादवी युद्धानंतर व्हर्जिनियातल्या गॉर्डन्सव्हिल स्टेशनात गाडी थांबली की कृष्णवर्णीय बायका डोक्यावर परात घेऊन खिडकीशी येत आणि कोंबडीचे तळलेले तुकडे विकत. त्या पैशांवर त्यांनी घरं उभी केली.

जॉर्जिया गिलमोर यांनी त्याच कोंबडीवर एक चळवळ पोसली. अलाबामातल्या माँटगोमेरीत त्या एका खानावळीत स्वयंपाक करत. डिसेंबर १९५५मध्ये वर्णभेदाविरुद्ध शहरातल्या बसवर कृष्णवर्णीयांचा बहिष्कार सुरू झाला आणि तो ३८१ दिवस चालला. लोकांना कामावर पोचवायला गाड्या हव्या होत्या, गाड्यांना पेट्रोल. गिलमोरबाईंनी बायका जमवल्या. कोणी कोंबडी तळली, कोणी रताळ्याचे पाई भाजले, कोणी केक केले. ते घरोघरी आणि केशकर्तनालयांत विकले. गटाचं नाव ठेवलं ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे कुठून आले, असं कोणी विचारलं तर ‘कुठूनच नाही’ असं खरंखुरं उत्तर देता यावं म्हणून. विकत घेणाऱ्यांत गोरेही होते आणि पैसे कुणाचे हे फक्त गिलमोरबाईंनाच ठाऊक असे. बहिष्काराचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खटल्यात गिलमोरबाईंनी साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेली. किंग यांच्या मदतीनं त्यांनी घरीच खानावळ थाटली. ज्या शहरात काळे-गोरे एका टेबलावर बसू शकत नव्हते, तिथे त्यांच्या स्वयंपाकघरात ते शेजारी शेजारी बसून जेवले.

१९९० साली मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाला पंचवीस वर्षं झाली. स्मरणयात्रेत चालणाऱ्यांसाठी गिलमोरबाई सकाळपासून कोंबडी आणि चीज घातलेली मॅकरोनी करत होत्या. त्याच वेळी त्यांची तब्येत बिघडली आणि त्या गेल्या. घरी भेटायला आलेल्यांना त्यांच्या माणसांनी तेच अन्न वाढलं.