स्निपेट साठवताय? मग त्यावर एक्सपायरी डेटही लिहा

हा या भागाचा लेखी अवतार. कोड कानाने ऐकून डोळ्यांपुढे येत नाही, त्यामुळे इथे जरा सावकाश सांगतो. ओळी मात्र बोललो तशाच ठेवल्यात, शब्दांत. बस-लोकलमध्ये वाचणाऱ्यांनाही कळेल.

फ्रंट-एंड शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या फोनमध्ये एक गोडाऊन असतं. सेव्ह केलेल्या रील्स, 'पन्नास सीएसएस ट्रिक्स'वाली पीडीएफ, स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले मेसेज. गरजेच्या वेळी त्यातलं काहीच सापडत नाही आणि आपण पुन्हा गुगलवर जातो. पण मला ही खरी अडचण वाटत नाही. खरी अडचण होते ती स्निपेट सापडतं, चिकटतं, चालतंही, आणि तरी चुकीचं असतं तेव्हा.

सगळ्यात जास्त फिरणारं उदाहरण घेऊ. फॉर्ममधलं नाव तपासणारा रेजेक्स. चौकोनी कंसात ए ते झेड, लहान-मोठी अक्षरं, एक स्पेस, संपलं. हजारो ठिकाणी हाच मिळतो. आता त्या फॉर्ममध्ये कुणी 'रोहिणी' असं देवनागरीत टाइप केलं की लाल अक्षरांत येतं, 'कृपया वैध नाव टाका'. म्हणजे बाईंचं स्वतःचं नावच अवैध! महाराष्ट्रातल्या लोकांसाठी काढलेल्या साइटवर हे होत असेल तर काय म्हणायचं?

मग कुणीतरी हुशार सांगतं, युनिकोडवाला रेजेक्स वापर. बॅकस्लॅश पी, महिरपी कंसात एल, शेवटी यू फ्लॅग. जावास्क्रिप्टमध्ये हे २०१८ पासून आहे. एल म्हणजे लेटर, कुठल्याही लिपीतलं अक्षर. तुम्ही टेस्टला 'रमण' टाकता, पास. खूश होऊन साठवून ठेवता. पण 'रोहिणी' अजूनही नापासच! कारण युनिकोडच्या हिशेबात र, ह, ण ही अक्षरं आहेत, पण ओकार आणि वेलांट्या 'मार्क' या वेगळ्या गटात येतात. पाय मोडायचं चिन्ह आणि अनुस्वारही तिकडेच. म्हणून एलच्या जोडीला एम लागतो.

एवढ्यानं तरी संपलं का? नाही ना. 'कऱ्हाडे' घ्या. त्यातला तो अर्धा र काही कीबोर्ड सरळ ऱ वापरून काढतात, तर काही साध्या र-ला हलंत देऊन पुढे झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह टाकतात. ते चिन्ह ना लेटर, ना मार्क. दिसायला आडनाव तेच, पण एका फोनवरून पास, दुसऱ्यावरून नापास. माझं मत विचाराल तर नावाला रेजेक्स लावूच नये. रिकामं नाही ना आणि भलतंच लांब नाही ना, एवढं बघा आणि सोडून द्या.

लांबीचीही गंमत आहे. 'मराठी' या शब्दाची लेंथ जावास्क्रिप्ट ५ सांगतं, डोळ्यांना अक्षरं दिसतात ३. मॅक्सलेंथही त्या ५ च्याच हिशेबाने चालतं. 'अजून इतकी अक्षरं उरली' असा काउंटर दाखवायचा असेल तर इंटल डॉट सेगमेंटर वापरा, तो ३ देतो.

किमतीला स्वल्पविराम देणारा स्निपेट असाच. नेटवर सर्रास मिळतो तो तीन-तीन आकड्यांचे गट पाडतो, म्हणजे बारा लाखांचं गणित मिलियनमध्ये जातं. त्यासाठी रेजेक्सची गरजच नाही. टू-लोकेल-स्ट्रिंगला 'ईएन-आयएन' द्या, लाख-कोटीप्रमाणे गट पडतात. 'एमआर-आयएन' दिलंत तर थेट १२,३४,५६७ असे देवनागरी अंक मिळतात. एक ओळ, कुठलीही लायब्ररी नको.

आता एक्सपायरीबद्दल. फ्रंट-एंडचे बरेच स्निपेट म्हणजे ब्राउझरमधल्या भोकांना लावलेली ठिगळं. भोक बुजलं की ठिगळाचं काम संपतं. फोनवर १०० व्हीएच उंची दिली की खालचं बटण ॲड्रेस बारमागे जायचं, म्हणून जावास्क्रिप्टने उंची मोजून सीएसएस व्हेरिएबलमध्ये भरायची एक ट्रिक होती. २०२२ मध्ये मोठ्या ब्राउझरांत डीव्हीएच आलं आणि ट्रिकची गरज संपली. व्हिडिओची चौकट १६:९ राखायला पॅडिंग ५६.२५ टक्के देणारा जुगाडही तसाच. आता ॲस्पेक्ट-रेशो आहे. क्लिअरफिक्सबद्दल तर बोलायलाच नको.

म्हणून स्निपेटसोबत कारण लिहा. व्हीएस कोडमध्ये 'कॉन्फिगर स्निपेट्स' केलं की एक फाइल उघडते. त्यात प्रीफिक्स, बॉडी आणि डिस्क्रिप्शन असतं. डिस्क्रिप्शन सगळे रिकामं सोडतात, आणि मला विचाराल तर तेच सगळ्यात कामाचं. हा तुकडा कशासाठी होता, कधी घेतला, कुठून घेतला. 'कुठून' उगाच नाही: स्टॅक ओव्हरफ्लोवरचा मजकूर सीसी बाय-एसए लायसन्सखाली असतो, म्हणजे श्रेय द्यावं लागतं. एमडीएनवरचे २० ऑगस्ट २०१० नंतरचे कोड नमुने सीसी-झीरो आहेत, तिथे मोकळीक आहे. नोकरीच्या ठिकाणी कुणी विचारलंच तर उत्तर तयार असलेलं बरं.

आणि कोड व्हॉट्सॲपवर किंवा नोट्समध्ये ठेवू नका. आयफोनवर स्मार्ट पंक्च्युएशन चालू असेल तर टाइप केलेली सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि कोड तिथेच मरतो. प्रवासात काही सापडलं तर फक्त लिंक ठेवा, घरी जाऊन तपासा. गिटहबवर गिस्ट केलंत तर जुन्या आवृत्त्याही राहतात.

'एआय आहे की, साठवायचं कशाला?' विचारा, जरूर विचारा. पण तोही तो ए-ते-झेडवाला रेजेक्स देऊ शकतो. म्हणून कोडपेक्षा मी टेस्टचे शब्द जास्त जपून ठेवतो. माझ्या फाइलमध्ये सगळ्यात वर हेच आहेत: रमण, रोहिणी, कऱ्हाडे दोन्ही प्रकारे टाइप केलेलं, आणि 'मार्कींग'. हा शेवटचा शुद्ध नाही, माहितीये! पण रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच अक्षरावर बसलेत. लाइन-हाइट १ आणि ओव्हरफ्लो हिडन असलेल्या बटणात टाकून बघा, डोकं छाटलं जातंय का ते. त्याच बटणाला लेटर-स्पेसिंग देऊन शिरोरेषा तुटते का तेही बघा. तुमच्या गावच्या, घरच्या नावांपैकी कुठलं नाव फॉर्म नाकारतो ते कमेंटमध्ये कळवा, यादीत टाकतो.