मूलबाळ नसलेल्या दांपत्याचे मृत्युपत्र

मूलबाळ नसलेल्या दांपत्यात एकाच्या पश्चात सारी मिळकत आपोआप दुसऱ्याची होते, असा समज यवतमाळ जिल्ह्यात खेड्यापाड्यांत आणि शहरांतही आढळतो. परंतु 1956 च्या हिंदू वारसा कायद्यातील तरतूद तशी नाही. पती मृत्युपत्र न करता वारला आणि त्याची आई हयात असली, तर त्याच्या मिळकतीत पत्नी व आई समान वाटेकरी ठरतात. पत्नीच्या बाबतीत मिळकत कोठून आली हे पाहिले जाते : आईवडिलांकडून वारशाने आलेले शेत पतीला न मिळता तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते, तर स्वकष्टाची कमाई पतीला, आणि तो हयात नसल्यास त्याच्या वारसांना मिळते. लग्नानंतर तीन महिन्यांच्या आत विधवा होऊन सासरहून घालवली गेलेली आणि माहेरच्या आधाराने शिकून नोकरीला लागलेली एक स्त्री मृत्युपत्र न करता वारली, तेव्हा तिची सारी बचत सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये याच नियमाने सासरच्या वारसांना दिली.

म्हणून पती आणि पत्नी या दोघांनीही आपापले स्वतंत्र मृत्युपत्र करावे आणि ज्याला मिळकत द्यायची तो आधीच वारला असल्यास ती कोणाला मिळावी, हे त्यात अवश्य लिहावे. उदाहरणार्थ, पुण्याचे सरदार बाबा महाराज 1897 मध्ये वारले त्या वेळी त्यांची पत्नी ताई महाराज गरोदर होत्या. मुलगा न झाल्यास किंवा झालेला मुलगा न जगल्यास विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी तरतूद बाबा महाराजांनी मृत्युपत्रात केली होती आणि विश्वस्तांत लोकमान्य टिळक व अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांना नेमले होते. झालेला मुलगा जगला नाही, दत्तकावरून वर्षानुवर्षे खटला चालला, तरी अखेर 1915 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, दत्तकविधान वैध ठरवले.

कायदेशीर अटी मोजक्याच आहेत. मृत्युपत्र करणारी व्यक्ती सज्ञान व शुद्धीवर असावी, तिने दडपणाविना सही किंवा अंगठा करावा, आणि किमान दोन साक्षीदारांनी, ती सही होताना पाहून किंवा ती आपलीच असल्याचे तिच्या तोंडून ऐकून, तिच्यासमक्ष सह्या कराव्यात, असे 1925 चा भारतीय वारसा कायदा सांगतो. ज्याला लाभ मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, कारण त्यातून संशयाला जागा मिळते. साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने लहान असलेला बरा, कारण पुढे न्यायालयात त्याची साक्ष लागू शकते. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधक कार्यालयात ते नोंदवून ठेवल्यास खरेखोटेपणाचा वाद कमी होतो.

मजकुरात ‘माझे शेत’ एवढेच न लिहिता मौजा, तालुका, गट क्रमांक आणि हेक्टर-आर मधील क्षेत्र सातबाऱ्याप्रमाणे, तर शहरातील जागेचे वर्णन आखीव पत्रिकेप्रमाणे (प्रॉपर्टी कार्डाप्रमाणे) द्यावे, म्हणजे पुढे फेरफार, अर्थात महसूल दप्तरातील नावबदल, अडत नाही. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील मात्र फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. बँकेतील नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा असतो, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये, ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातील वादाचा निकाल देताना, हेच स्पष्ट केले. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापकही त्यात नावानिशी नेमावा.

जिल्ह्यातील गोंड, कोलाम, आंध अशा अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा लागू होत नाही, तर मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीविना साधारणपणे एक तृतीयांशापेक्षा अधिक मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही. अशा कुटुंबांनी वकिलाचा सल्ला आधीच घ्यावा. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते आणि शेवटचे वैध मृत्युपत्रच अमलात येते. म्हणून जोडीदार वारल्यावर मागे राहिलेल्याने, विशेषतः विधवा स्त्रीने, आपल्या अखेरच्या काळात सांभाळणाऱ्या भाचीला, पुतण्याला किंवा संस्थेला काय द्यायचे हे ठरवून मृत्युपत्र नव्याने करावे, कारण कायद्याच्या वारसयादीत नाते मोजले जाते, केलेली सेवा मोजली जात नाही.